फादर स्टीफन्स मुलांना सांगताना देवळांचा विषय टाळावा का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. शाळेच्या वार्षिकांकात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी फादर थॉमस स्टीफन्स यांचे, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंडहून गोव्यात आलेल्या आणि मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणाऱ्या पाद्रींचे, चरित्र तीन-चार पानांत लिहायचे आहे. वर्गात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतली मुले आहेत. लिहिताना तुम्ही एकाच ठिकाणी अडला आहात: त्या काळात पोर्तुगीज गोव्यातल्या साष्टी भागातली देवळे पाडली गेली, देव झुवारी नदीपलीकडे न्यावे लागले, हे सांगायचे की वगळायचे? सांगितले तर ख्रिस्ती मुलांना आपल्याकडे बोट दाखवल्यासारखे वाटेल. वगळले तर पालकसभेत कोणी तरी उठून विचारील की शाळा धर्मांतराचे कौतुक करते का.

मुलांसाठी चरित्रे लिहिणे आणि ती वर्गात सांगणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, तेही बहुतेक गोव्यातच. त्यामुळे पहिल्यांदा सांगतो की वगळू नका. मात्र 'सांगू की वगळू' हा तुमचा खरा प्रश्न नाही असे मला वाटते. आपण बहुतेक जण हे चरित्र दोन तुकड्यांत लिहितो. एका तुकड्यात मराठीवर प्रेम करणारा भला इंग्रज पाद्री, दुसऱ्या तुकड्यात 'त्या काळची परिस्थिती' नावाचा एक कोरडा परिच्छेद. मुलाला हे दोन तुकडे जोडता येत नाहीत. मग ज्या घरचे मूल असेल त्या घरचा तुकडा ते उचलते आणि दुसरा सोडून देते. म्हणून तुम्हाला असा एक प्रसंग हवा की ज्यात माणूसही आहे आणि काळही आहे. असा प्रसंग शोधायला लांब जावे लागत नाही. स्टीफन्सनी तो स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे.

क्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अध्यायात, ज्याला ते 'अवस्वरू' म्हणतात, हा प्रसंग येतो. साष्टीत पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत आहेत. एक ब्राह्मण पुढे येतो आणि म्हणतो, तुम्ही शिकवता ते ठीक, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, आता आम्ही वाचायचे काय? आमच्यासाठी दुसरे पुराण का नाही करत? (हा मथितार्थ मी माझ्या शब्दांत दिला आहे. तुम्ही मूळ ओव्या काढून वाचाच.) साऱ्या ग्रंथाची सुरुवात या मागणीपासून होते.

बघा, या एका प्रश्नात काय काय आहे. पुराणे बंद केली गेली हे आहे, आणि ते बंद करणाऱ्यांच्या बाजूच्याच माणसाने लिहिले आहे. ज्यांची पुराणे गेली त्यांना कथेशिवाय, ओवीशिवाय राहवत नव्हते हेही आहे. आणि समोरच्या पाद्रीने ती भूक ओळखून आयुष्याची किती तरी वर्षे त्या कामाला दिली हेही आहे. सातवीतल्या मुलाला हे सगळे कळते. आपले गोष्टीचे पुस्तक कोणी काढून घेतले तर काय वाटते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. चरित्राचा मधला खांब म्हणून हा प्रसंग ठेवा. त्याच्या आधी 'हा माणूस इथवर कसा आला' आणि त्याच्यानंतर 'त्याने काय उत्तर दिले' असे लिहीत गेलात तर देवळांचा परिच्छेद वेगळा घुसवावा लागणार नाही.

काही गोष्टी अर्थात तुमच्या शाळेवर आणि मुलांच्या वयावर अवलंबून आहेत. चौथीच्या आतल्या मुलांसाठी लिहीत असता तर मी 'देवळे मोडली, लोकांनी देव दुसऱ्या गावी नेले' एवढ्या दोन वाक्यांवर थांबलो असतो, मारामारीच्या तपशिलात गेलो नसतो. सहावीच्या पुढे मात्र गावांची नावे द्या, कारण मुले त्या देवळांत जाऊन आलेली असतात. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. ही तिन्ही मूळ गावे त्या वेळच्या साष्टीतली, आणि नवी ठिकाणे तेव्हा आदिलशाहीत असलेल्या अंत्रुजातली, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातली. हे घडले ते 1560 च्या दशकात. स्टीफन्स गोव्यात उतरले 24 ऑक्टोबर 1579 रोजी. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मुलांना आपोआप दिसते की ही देवळे पडली तेव्हा हे गृहस्थ इथे नव्हते. पण ज्या व्यवस्थेने ती पाडली तिच्यातच ते पुढे सुमारे चाळीस वर्षे राहिले आणि वावरले. दोन्ही गोष्टी लिहा. पहिली लिहून दुसरी गाळली तर ती वकिली होते.

सुरुवात कुठून करायची? जन्मापासून नको. इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात 1549 च्या सुमारास जन्म, एवढे एका वाक्यात पुरे. मी नेहमी समुद्रापासून सुरू करतो, कारण तिथे आपल्या हातात खरेखुरे पत्र आहे. गोव्यात उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, 10 नोव्हेंबर 1579 ला, स्टीफन्सनी आपल्या वडिलांना प्रवासाची हकीकत लिहिली. 4 एप्रिलला पाच जहाजे लिस्बनहून निघाली होती. हवेत उडणारे मासे, शार्क आणि त्याच्या अवतीभोवती फिरणारे छोटे मासे, पूर्व-पश्चिम जाताना वाट ठरवायला आकाशात एकही स्थिर खूण नसते ही खलाशांची अडचण, असे सगळे त्यात आहे. हिरड्या सुजवणारा आजार जहाजावर पसरला, 150 हून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतली 27 दगावली, हेही आहे. इतर खेपांच्या मानाने हे नुकसान फार मानले गेले नाही, असे ते पुढे लिहितात. हे वाक्य वर्गात वाचले की मुले गप्प होतात. जमीन जवळ आल्याच्या खुणाही त्यांनी क्रमाने दिल्या आहेत: आधी ओळखीचे पक्षी, मग पाण्यावर तरंगत आलेल्या ताडामाडांच्या फांद्या, मग पोहणारे साप. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना दुरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी आपला किनारा पहिल्यांदा दिसतो. यापेक्षा चांगली सुरुवात मला कधी सापडलेली नाही.

समुद्रानंतर एक पाऊल मागे जाऊन तो तरुण घर सोडून का निघाला ते सांगा. हा भाग बहुतेक मराठी चरित्रांत उरकून टाकलेला असतो, आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडात कॅथलिकांना आपला धर्म उघडपणे पाळता येत नव्हता. स्टीफन्स आणि त्यांचा मित्र थॉमस पाउंड या दोघांनी रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्रींच्या एका संघाचे सदस्य, व्हायचे ठरवले होते. पाउंड निघण्याआधीच पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्याची तुरुंगांत गेली. स्टीफन्स निसटले आणि 1575 मध्ये रोमला जेझुइट संघात दाखल झाले. म्हणजे स्वतःच्या धर्मासाठी देश सोडावा लागलेला हा माणूस अशा राज्यात आला, जिथे दुसऱ्यांना त्यांच्या धर्मासाठी गाव सोडावे लागत होते. मी वर्गात एवढे सांगून थांबतो. त्यावर भाष्य करत नाही. कोणी तरी हात वर करून विचारतेच, 'मग त्यांना ते कळले नाही?' त्यावर मी मला वाटते ते उत्तर देतो. आपलाच धर्म खरा आणि बाकीच्यांचा आत्मा त्यावाचून बुडणार, असे ते मनापासून मानत होते. त्या श्रद्धेमुळे त्यांना इथल्या लोकांची माया वाटली आणि त्याच श्रद्धेमुळे इथल्या मूर्तिपूजेत त्यांना चूकच दिसली. क्रिस्तपुराणात मूर्तिपूजेला विरोध स्पष्ट आहे, तो मुलांपासून लपवू नका.

साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात झालेल्या हत्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण ते येणारच. त्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी मी ज्या धर्तीवर लिहितो तो मजकूर खाली देतो. हवा तर बदलून घ्या.

'1583 सालचा जुलै महिना. रुदोल्फ आक्वाविवा नावाचे पाद्री आपल्या चार सोबत्यांना आणि आणखी काही माणसांना घेऊन कुंकळ्ळीला आले. आक्वाविवा काही काळ अकबर बादशहाच्या दरबारात राहून आले होते. कुंकळ्ळीत त्यांना क्रूस उभारायचा होता आणि चर्चसाठी जागा पाहायची होती. पण त्या भागातली देवळे पोर्तुगिजांनी आधीच मोडली होती. गावचे लोक संतापलेले होते. त्यांनी हल्ला केला. पाचही पाद्री आणि त्यांच्या बरोबरची काही माणसे मारली गेली. त्यानंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि ठार केले. त्या पाच पाद्रींना पोपनी 1893 मध्ये धन्य म्हणून घोषित केले. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचे स्मारकही आज कुंकळ्ळीत आहे.'

यात मी काय केले आहे ते पाहा. दोन्हीकडचे मृत्यू सांगितले. प्रत्येक कृत्याला करणारा दिला: 'देवळे मोडली गेली' असे न म्हणता 'पोर्तुगिजांनी मोडली' म्हटले, 'पाद्री मरण पावले' असे न म्हणता 'लोकांनी हल्ला केला' म्हटले. कर्त्याविना लिहिलेल्या वाक्यांतून मुलांना वाटते की सगळे वादळासारखे आपोआप आले. आणखी एक, 'ख्रिस्त्यांनी' आणि 'हिंदूंनी' असे शब्द कर्ता म्हणून वापरू नका. वर्गातल्या मुलाचे आडनाव त्या कर्त्याला चिकटते. पोर्तुगीज सत्ता, जेझुइट पाद्री, कुंकळ्ळीचे गावकरी असे नेमके लिहा. साष्टीतला नव्याने ख्रिस्ती झालेला शेतकरी आणि अंत्रुजात निघून गेलेला त्याचा भाऊ हे एकाच गावकरीतले, म्हणजे गावच्या एकाच सामाईक संस्थेतले, होते. आजच्या वर्गात त्या दोघांचे वंशज एका बाकावर बसलेले असू शकतात.

आता ज्या कामासाठी हा माणूस आठवायचा त्याकडे येऊ. इथे जागा हातचे न राखता वापरा.

1583 मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स म्हणतात की इथल्या भाषा ऐकायला वाईट नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत आणि ग्रीक-लॅटिनच्या नात्याबद्दल कलकत्त्यात व्याख्यान दिले ते 1786 मध्ये. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीत बसून एकाच्या कानाला ते नाते जाणवले होते. त्याच पत्रात माडाचे वर्णनही आहे. तेल, ताडी, गूळ, शिर्का, सगळे एकाच झाडापासून कसे मिळते ते. गोव्याच्या मुलांना यातले काहीच नवे नाही, म्हणून तर हे वर्णन त्यांना द्यावे: आपण ज्याच्याकडे बघतही नाही त्याकडे कोणी तरी इतके निरखून पाहिले.

ओवी ते कशी शिकले असतील याची कल्पित दृश्ये मात्र रचू नका. 'एके संध्याकाळी त्यांनी वडाखाली कीर्तन ऐकले आणि...' असे लिहिण्याचा मोह होतो. आपल्याला पक्के ठाऊक आहे ते पुरेसे आहे. एकनाथांनी भागवतावरची टीका 1573 मध्ये पूर्ण केली, म्हणजे स्टीफन्स आले तेव्हा एकनाथ हयात होते आणि ओवीला बहर आलेला होता. गोव्यात कृष्णदास शामा यांनी त्याआधीच, 1526 च्या सुमारास, कृष्णचरित्र ओव्यांत रचले होते, आणि ते केळशीचे, म्हणजे साष्टीचेच. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, मुलांनी ते वाचलेले असते. या चालत्या परंपरेत एक परदेशी माणूस येऊन बसला आणि बायबलची कथा त्याने 10,962 ओव्यांत सांगितली. ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्या पुराणात 36 अवस्वरू, दुसऱ्यात 59. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी तशी भाषांत मराठी, या आशयाच्या त्यातल्या ओव्या मराठी पाठ्यपुस्तकांतून तुमच्या ओळखीच्या असतील. त्या द्याच, पण त्यांच्यावरच थांबू नका. केवळ त्या चार ओव्यांमुळे स्टीफन्स म्हणजे मराठीला मिळालेले प्रशस्तिपत्र होऊन बसले आहेत, आणि दहा हजार ओव्या लिहिणारा कष्टाळू माणूस मागे पडला आहे.

त्या कष्टांचा मुलांना हात लावता येईल असा एक धागा आहे. गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये. खरे तर तो अॅबिसिनियाला जायचा होता, तो इथेच राहिला. स्टीफन्सना इथल्या लिपीत पुस्तक छापायची फार इच्छा होती. 1608 च्या एका पत्रात ते रोमला आपल्या संघप्रमुखांना कळवतात की अडचण छपाईच्या खिळ्यांची, म्हणजे धातूच्या अक्षरांची, आहे. युरोपात 24 अक्षरांचे साचे पुरतात, इथे जवळजवळ 600 लागतील. ती इच्छा पुरी झाली नाही. 1616 मध्ये क्रिस्तपुराण राशोलला, म्हणजेच रायतूरला, छापले गेले ते रोमन अक्षरांत. मी वर्गात मुलांना एकच काम देतो: 'क'ची बाराखडी लिहा, मग 'क'ची जोडाक्षरे आठवतील तेवढी लिहा, आणि प्रत्येकाला एक शिशाचा खिळा लागतो असे समजा. फळा भरतो आणि 600 चा आकडा त्यांना पटतो. तीन पानांच्या चरित्राच्या खाली चौकटीत हा उपक्रम देता येईल.

एक छोटी गोष्ट मुलांना आवडते म्हणून सांगतो. 1583 च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती असे काही इंग्रज होर्मुझहून कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्सनी खटपट केली. ज्या इंग्लंडने मित्राला तुरुंगात डांबले होते, त्या इंग्लंडचीच ही माणसे होती.

मराठी की कोकणी, हा वाद तुमच्या अंकात नको असेल तर एक काळजी घ्या. स्टीफन्सना कुठल्याही एका बाजूचे करू नका. पुराण त्यांनी मराठीत रचले, त्यात इथल्या बोलीची छटा आहे. त्यांनी लिहिलेली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी 1622 मध्ये छापली गेली ती कोकणीत. त्यांचे कोकणीचे व्याकरण 1640 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, दियोगु रिबैरु यांनी भर घालून राशोललाच छापले गेले. पर्वरीला कोकणीचे काम करणाऱ्या जेझुइट संस्थेला त्यांचेच नाव आहे. दोन्ही भाषांनी त्यांना आपले म्हणावे एवढे काम त्यांनी दोन्हीकडे केले आहे, आणि ते तसेच, आकडे आणि सालांसह, मांडले की कोणाला हरकत घेता येत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात म्हणजे: आरंभी समुद्रावरचे पत्र, मग इंग्लंड का सोडले, मग साष्टी, देवळे आणि कुंकळ्ळी, मध्यभागी त्या ब्राह्मणाची मागणी, आणि तिथून पुढे सगळी जागा कामाला. देवळांचा मजकूर दहा-बारा ओळींपेक्षा जास्त होऊ देऊ नका, कारण चरित्र एका माणसाचे आहे, आणि चार ओळींपेक्षा कमीही करू नका, कारण तेवढ्यात न्याय होत नाही.

शेवट मृत्यूवर करू नका. 1619 मध्ये ते गोव्यातच वारले, ते लिहा आणि पुढे चला, कारण पुराणाची गोष्ट पुढे गेली. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषांऐवजी पोर्तुगीज वापरण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्यांनी पूर्वी पुराणे बंद केली, त्यांच्याच राज्यात आता या पुराणाच्या भाषेवर गदा आली. मुलांना हे अवश्य सांगा. त्या ब्राह्मणाचा प्रश्न आता स्टीफन्सच्या वाचकांपुढे उभा राहिला होता. तरीही हाताने नकला होत राहिल्या, गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत नेले, आणि 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. देवनागरीत ते छापून निघाले 1956 मध्ये, पुण्याला.

अंक छापायला देण्याआधी मजकूर दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवा: एक तुमच्या गावातल्या चर्चशी जोडलेली, एक देवळाच्या समितीतली. कुठल्या वाक्याशी त्यांचा चेहरा बदलतो ते बघा आणि ते वाक्य खरे आहे का एवढेच पुन्हा तपासा. खरे असेल तर राहू द्या. विशेषण जास्त झाले असेल तर काढा. मी आजवर जे बदल केले ते जवळजवळ सगळे विशेषणांचेच होते.